खुराड्याचे स्वयंचलित दार
(नभोवाणीवरील भाषण)



कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु कोंबडे झाकायचेच राहून गेले तर काय उजाडते, हे ज्याने पहाटे परसात पिसांचा सडा पाहिला आहे त्यालाच ठाऊक. काही वर्षांपूर्वी पवित्र शनिवारी रात्री आम्ही घरची सर्व मंडळी पास्काच्या मिस्सेला गेलो होतो. खुराड्याचे दार कोणीतरी लावले असेल, असे प्रत्येकाने गृहीत धरले. परत आलो तेव्हा सातांपैकी चार कोंबड्या उरल्या होत्या. ईस्टरचा दिवस मुलांच्या रडण्यात गेला.

भोपाळ हे तलावांचे शहर खरे, परंतु कोलार रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्यांना ते अजूनही रानाचे शेजारी वाटते. कलियासोत व केरवा येथील झाडी जवळच असल्याने रानमांजर आणि उदमांजर रात्री वस्तीत सहज फिरून जातात. भटकी कुत्री तर आहेतच. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. म्हणून ती दिवस मावळताच आपण होऊन आत जाऊन दांडीवर बसते. तिला बोलवावे लागत नाही. तिच्यामागे दार लावणे एवढेच काम उरते. पूर्वी घरातली आजी तिन्हीसांजेला कोंबड्या डालीत असे, आणि तिच्या हातून तो नेम चुकत नसे. आता घरात त्या वेळी माणूस असतेच असे नाही.

गेल्या हिवाळ्याच्या आरंभी आमच्या शेजारच्या आजी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन आल्या. त्या एकट्याच राहतात. परसात आठ कडकनाथ. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिचा भाव वाढला आहे, आणि आजींच्या औषधपाण्याचा खर्च बराचसा त्या अंड्यांवर चालतो. मुलीचे बाळंतपण नागपूरला होते. दोन महिने जाणे भाग होते. “मास्तर, आपोआप लागणारं दार मिळतं म्हणे. पैसे गेले तर गेले, पण माझ्या कोंबड्या जायला नकोत,” असे त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या विश्वासावर वस्तू निवडायची म्हणजे स्वतःसाठी निवडण्यापेक्षा अधिक विचार करावा लागतो.

ही दारे मुख्यतः दोन प्रकारची. एक उजेड ओळखून उघडते-मिटते, दुसरे घड्याळावर चालते. मी स्वतःसाठी प्रथम उजेडाचे घेतले होते. विक्रेत्याने त्याची फार स्तुती केली होती. जुलै महिन्यात एके दिवशी चार वाजताच आभाळ काळेकुट्ट भरून आले आणि दार संध्याकाळ झाली असे समजून खाली आले. कोंबड्या बाहेर, पाऊस धो धो, आणि त्या बिचाऱ्या बंद दाराला चिकटून उभ्या. पुढे शेजारच्या अंगणात मोठा दिवा लागला, तेव्हा याच्या उलट झाले. दाराला रात्र झाल्याचे कळेचना.

मग विचार केला, की हा उजेडाचा खटाटोप मुळात कोणासाठी? लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो आणि जूनमध्ये नऊ वाजून गेल्यावर. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची तिकडची प्रथा धरून हा फरक पाच तासांहून अधिक होतो. तेथे घड्याळ लावणारा माणूस दमून जाईल. आपल्याकडे तसे नाही. भोपाळला डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो, जुलैच्या आरंभी सातवर दहा मिनिटांनी. अवघा एक तास चाळीस मिनिटांचा फरक! महिन्यातून एकदा काटा थोडा सरकवला की भागते. म्हणून या भागात साधे घड्याळाचे दारच बरे, असे माझे मत झाले. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने ते मिटावे. ज्यात दोन्ही सोयी आहेत, म्हणजे अमुक वेळेच्या आधी कितीही अंधारले तरी मिटायचे नाही असे बजावता येते, तेही चालेल. किंमत मात्र चढते.

सकाळी उघडण्याच्या वेळेकडे लोक दुर्लक्ष करतात. मुंगूस रात्री नव्हे, दिवसा फिरते. झुंजूमुंजू होताच उघडणारे दार त्याच्याच सोयीचे. हिवाळ्यात साडेसातच्या आधी उघडू नये. मे महिन्यात मात्र उलट काळजी. पारा चाळिसाच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच वासून धापा टाकते. पत्र्याच्या खुराड्यात दार उघडलेच नाही तर दुपारपर्यंत सारे संपेल. दार न मिटण्याचे भय सर्वांना असते, न उघडण्याचे कोणाला नसते. म्हणून आत पाण्याचे भांडे आणि दोन बाजूंना जाळी हवीच, आणि दार हातानेही उघडता आले पाहिजे.

वीज किती लागते, याची चिंता नको. मोटार दिवसातून दोनदा काही क्षण फिरते. साध्या सेलांवर महिनेच्या महिने निघतात. सौर पट्टीचा मोह मी टाळला, कारण श्रावणात ऊनच रुसते. सेल मात्र पावसाळ्यापूर्वी बदलावेत.

दाराची घडण नीट पाहावी. लाकडी फळी पावसात फुगते आणि खाचेत अडकते. अॅल्युमिनियमचा पत्रा बरा. दोरीने वर ओढले जाणारे दार केवळ स्वतःच्या वजनाने खाली राहते. उदमांजराने नखे घालून उचलले तर उचलले जाते. आट्याच्या दांड्यावर सरकणारे दार खाली आले की तेथेच घट्ट बसते. ते घ्यावे. उंबरठा चार बोटे उंच ठेवावा, नाहीतर भुसा आणि विष्ठा खाचेत साचतात. मिटताना मध्ये काही आले तर ते परत वर गेले पाहिजे. ही परीक्षा करंगळी घालून करू नये, काकडी घालून करावी.

आजींचे दार या साऱ्या विचाराने बसविले, सहावर पाच मिनिटांनी मिटेल असे लावले, आणि त्या निश्चिंत मनाने गेल्या. रोज दिवेलागणीला त्यांचा दूरध्वनी येई, “लागलं का दार?” मी विजेरी घेऊन जाई आणि दांडीवरच्या कोंबड्या मोजी, कारण मिटण्याचे काम दार करते, मोजण्याचे करीत नाही. दीड महिना आठच्या आठ भरल्या. जानेवारीच्या अखेरीस एके संध्याकाळी पाचच भरल्या. तीन पेरूच्या झाडाखाली घुटमळत होत्या. चूक यंत्राची नव्हती. सूर्य आता सहा वाजून गेल्यावर मावळत होता, आणि डिसेंबरात लावलेली वेळ मी तशीच ठेवली होती. कळ दाबून दार वर केले, तिघींना एकेक करून आत सोडले, घड्याळ अर्धा तास पुढे सरकविले, आणि मग नागपूरला कळविले की दार लागले.