भाकरी, छप्पर आणि प्रार्थना



आम्ही पंडित नव्हे, धर्मशास्त्रीही नव्हे. आयुष्य गेले कारखान्यांच्या फाटकांवर पत्रके वाटण्यात. वाचन झाले ते रात्री, युनियनच्या कचेरीत. तेव्हा धर्माच्या राज्याविषयी बोलतानाही आम्ही कामगाराच्याच डोळ्यांनी पाहणार.

अमेरिकेत शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या काठी झायन नावाचे गाव आहे. जॉन अलेक्झांडर डौई या धर्मोपदेशकाने ते १९०१ च्या सुमारास सुमारे ६,५०० एकर जमिनीवर वसविले. तेथे त्या काळी दारू नव्हती, तंबाखू नव्हती, डुकराचे मांस नव्हते. नाटकगृह नव्हते, नाचघर नव्हते आणि डॉक्टर व औषधांचे दुकानही नव्हते! आजाऱ्याला औषध एकच असे, प्रार्थना.

कोणी म्हणेल, दारू नाही हे वाईट काय? मुळीच नाही. पगाराच्या संध्याकाळी गुत्त्यावर रिकामे होणारे खिसे आम्ही पाहिले आहेत. पण नियम कोणता एवढे पाहून भागत नाही. तो मोडणाराचे काय होते, हे पाहावे. झायनमध्ये जमीन विकत मिळत नसे. ती ११०० वर्षांच्या पट्ट्याने मिळे, आणि हे निर्बंध त्या पट्ट्यातच लिहिलेले असत. लेस विणण्याचा कारखाना डौईचा, बँक डौईची, व्यासपीठही डौईचेच. मग तंबाखू ओढणारा नुसता पापी ठरून सुटत नसे. त्याचा घराचा हक्कही धोक्यात येई.

१९०६ साली, गाव कर्जात बुडालेले असताना, डौईला दूर सारून त्याचाच सहकारी विल्बर ग्लेन व्होलिव्हा गादीवर आला. पृथ्वी सपाट आहे, असे हे गृहस्थ सांगत, आणि पंथाच्या शाळांतून मुलांनाही तेच शिकवीत! माणूस बदलला, किल्ल्यांचा जुडगा तसाच राहिला. पुढे १९३० नंतरच्या मंदीत ती सत्ता ढासळली.

हे सारे दूरदेशीचे म्हणून हसू नका. आमच्या एका सोबत्याला कारखान्याने कामावरून काढले, तेव्हा त्याच महिन्यात वसाहतीतली खोलीही गेली आणि मुलांची शाळाही सुटली. त्या मालकाच्या हाती धर्मग्रंथ नव्हता, एवढाच फरक.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : भाकरी देणारा, छप्पर देणारा आणि देव दाखविणारा, हे तीन हात निराळे असावेत. श्रद्धा ज्याची त्याने खुशाल जपावी. पण ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'होय'ला देवाच्या दारी तरी काय मोल?