पायावरच्या गाठी, पोटातले दुखणे

भाईंदरमध्ये दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरकडे गुडघे-घोटे दुखतात म्हणून रोज माणसे येतात. लोकलमध्ये तासभर उभे राहून चर्चगेट गाठायचे, तेव्हा पाय दुखणारच, असे आपण धरून चालतो. २००६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हापासून सांधे धरले की तेच नाव आधी तोंडी येते.

एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ आले. दोन्ही घोटे सुजलेले, नडगीवर लालसर, दुखऱ्या गाठी. मी संधिवाताच्या गोळ्या दिल्या. पोटाबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. तीन आठवड्यांनी ते परत आले, तेव्हा एक गाठ फुटून तेलकट, तपकिरी पाणी येत होते. मग चौकशी केली. रोजचे मद्यपान आणि जेवल्यावर पोटातून पाठीत जाणारी कळ! रक्तातले लायपेज कितीतरी पटींनी वाढलेले निघाले. दुखणे स्वादुपिंडाचे होते.

स्वादुपिंड जठराच्या मागे असते. चरबी पचवणारे लायपेज ते आतड्यात सोडते. स्वादुपिंडाला सूज आली किंवा क्वचित कर्करोग झाला, तर हे लायपेज रक्तात उतरते आणि कातडीखालची, सांध्यांतली चरबी नासवू लागते. हान्स कियारी यांनी १८८३ साली याची नोंद केली. स्वादुपिंडाच्या शंभर रुग्णांत जेमतेम दोन-तीन जणांना असे होते. पण काहींना पोटदुखीच्या आधी कित्येक आठवडे गाठी येतात आणि काहींचे पोट दुखतच नाही. निदान चुकते ते इथेच.

पायावरची प्रत्येक गाठ स्वादुपिंडामुळे नसते. क्षयरोगात, कुष्ठरोगातही गाठी येतात. तेव्हा घाबरू नका. मात्र गाठी आणि सांध्यांची सूज एकदम आली, गोळ्यांनी उतार पडेना, गाठ फुटली, वजन घटू लागले, तर थांबू नका. पित्ताशयातले खडे, दारूची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. रक्ततपासणी, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन, गरज पडल्यास गाठीचा तुकडा तपासणे, यांतून निदान होते. इलाज मूळ दुखण्यावर करायचा असतो; नुसती वेदनाशामके घेऊन वेळ वाया जातो.

त्या गृहस्थांनी दारू सोडली. उपचारांनी सूज ओसरली, नडगीवर काळे डाग तेवढे राहिले. तेव्हापासून कुणाचा सुजलेला घोटा तपासताना मी पोटाचीही विचारपूस करतो. तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारले, तर तुम्ही आपणहून सांगा.