कर्जातून उभे राहिले, ते चालतेही राहावे



आमचे सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराखाली. आम्ही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. बाजाराची ओढ जळगावकडे, कचेरीची कामे छत्रपती संभाजीनगरला. वाट वाकडी करून आपण या परिषदेसाठी आलात, याचा तालुक्याला आनंद आहे.

परदेशी कर्ज आणि सार्वजनिक गुंतवणूक हा तिचा विषय सोयगावात कशाला, असे कोणी विचारले, तर त्यांना मी अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरला नेईन. ही लेणी आमच्याच तालुक्यात. १९८३ साली ती जागतिक वारसा यादीत गेली. १९९२ साली अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पाला जपानचे कर्ज मिळाले. दुसऱ्या टप्प्याचा करार २००३चा. त्यातून लेण्यांचे जतन, रस्ते, वृक्षलागवड, विमानतळाची सुधारणा अशी कामे झाली. खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबू लागल्या, पुढे बस. रस्ता चांगला झाला की पर्यटक येतो, आणि तो आला की गाइडला, डोलीवाल्याला, गारगोट्या विकणाऱ्याला चार पैसे मिळतात.

याच प्रकल्पातून फर्दापूरला भव्य पर्यटक केंद्र उभे राहिले. आत लेण्यांच्या प्रतिकृती, म्हणजे मूळ चित्रांवर गर्दीचा ताण कमी. विचार शहाणपणाचा होता. पण वीज-पाण्याची बिले थकली आणि काही वर्षांतच दाराला कुलूप लागले. दार उघडे असो की बंद, येनमधले कर्ज व्याजासह फेडावेच लागते. केंद्र असे बंद पडल्याचे मला फार वाईट वाटते.

दुसरीकडे 'पोकरा' पाहा. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर २०१८ मध्ये मंजूर झालेला हा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. ठिबक, शेततळे, शेडनेट यांसाठी शेतकरी आधी स्वतःचा पैसा घालतो, मग अनुदान त्याच्या खात्यात येते. साहजिकच देखभालही तोच करतो. मात्र आधी घालायला ज्याच्याकडे काहीच नाही, तो कोरडवाहू शेतकरी मागे राहतो. त्याच्यासाठी काय करायचे, यावरही इथे मोकळेपणाने बोलावे.

यापुढे कर्जाच्या प्रत्येक प्रस्तावात देखभालीचा खर्च किती, तो कोणते खाते देणार आणि गावाचा वाटा काय, हे लिहिल्याशिवाय सही होऊ नये, असा ठराव या परिषदेने करावा, अशी तालुक्याच्या वतीने मी आपणास विनंती करतो.