पहिल्या रायफलसाठी स्कोप कसा निवडायचा?

ज्यांना कानात इअरफोन घालायला सवड नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ह्या भागाचं बोलणं इथे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे छाटलेत.

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. इथे वाढलेली किंवा स्थायिक झालेली आपली मराठी मुलंमुलीही आता त्यात उतरायला लागली आहेत. हंगाम जवळ आला की मला ठरलेला प्रश्न येतो: दादा, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, रायफल ठरली, आता स्कोप कुठला घेऊ?

उत्तराआधी कायद्याच्या तीन गोष्टी. एक, भारतातून ऐकणाऱ्यांसाठी. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधला आहे आणि हौशी शिकारीला तिथे जागा नाही. त्यामुळे आजचं बोलणं विस्कॉन्सिनच्या जंगलाबद्दल आहे, सह्याद्रीबद्दल नाही. दोन, अमेरिकेत एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. पण मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, रायफलला हात लावण्याआधी वकिलाला विचारा. तीन, रायफलचा स्कोप अमेरिकेबाहेर न्यायला निर्यात-नियंत्रणाचे नियम लागतात. भावाला भेट म्हणून बॅगेत टाकून पुण्याला नेण्याची ही वस्तू नाही.

चला, मुद्द्यावर.

पहिला स्कोप घेताना जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. तो मनात सगळ्यात लांबचा शॉट धरतो आणि त्यासाठी स्कोप घेतो. माझं म्हणणं उलट आहे. स्कोप घ्या तो सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात अंधुक उजेडातल्या शॉटसाठी. लांबचं आपोआप निभतं. का, ते सांगतो.

स्कोपवर ३-९×४० असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे मोठं दाखवण्याचे: कमीत कमी ३ पट, जास्तीत जास्त ९ पट. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, ४० मिलिमीटर. मग दुकानात शेजारीच ६-२४×५० दिसतो आणि आपल्याला वाटतं, २४ म्हणजे ९ पेक्षा भारीच की! फोनच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजायची सवय आहे ना आपल्याला.

इथले लोक अंतर यार्डात मोजतात. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. क्रिकेटची खेळपट्टी २२ वारांची, म्हणजे १०० वार हे साडेचार खेळपट्ट्यांएवढं अंतर. दाट झाडीच्या जंगलात बरेच शॉट ह्या अंतराच्या आतलेच असतात, आणि कधीकधी हरीण २५ वारांवर येऊन उभं राहतं. ३ पटीला १०० वारांवर साधारण ३० फूट रुंदीचा भाग स्कोपमध्ये दिसतो. ९ पटीला तो १०-१२ फुटांवर येतो. आता अंतर २५ वार करा, म्हणजे रुंदी पाव होईल. ९ पटीला तुम्हाला तीन फुटांचा तुकडा दिसणार. पूर्ण वाढलेल्या हरणाचं अंग त्यात मावतच नाही. दिसते ती तपकिरी केसांची भिंत. हा खांदा की पोट, कळत नाही. ६-२४ वाला स्कोप तर ६ पटीच्या खाली उतरतच नाही. म्हणजे हरीण समोर उभं असताना तुम्ही स्कोपमध्ये ते शोधत बसणार. म्हणून पहिला आकडा बघा. तो २ किंवा ३ असू दे. २-७ किंवा ३-९ हे पहिल्या रायफलसाठी उत्तम. शेजारच्या फार्मवरचे एक आजोबा आजही न बदलणारा ४ पटीचा स्कोप वापरतात आणि त्यांचं काही अडत नाही.

आता उजेड. हरीण सगळ्यात जास्त फिरतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या आधी साधारण अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर जवळपास तेवढ्याच वेळापर्यंत शिकारीला परवानगी असते. नेमकी मिनिटं राज्यागणिक बदलतात, ती आपल्या राज्याच्या नियमांच्या पुस्तिकेत बघा. पण मुद्दा कळला ना? स्कोपची खरी परीक्षा त्या अर्ध्या तासात असते. दुकानातल्या झगझगीत ट्यूबलाइटखाली सगळेच स्कोप छान दिसतात.

ह्यासाठी एक सोपा भागाकार लक्षात ठेवा. भिंगाचा व्यास भागिले पटी. ४० भागिले ४, म्हणजे १०. स्कोपच्या मागून तुमच्या डोळ्याकडे येणारं उजेडाचं वर्तुळ तेवढ्या मिलिमीटरचं असतं. ४० भागिले ९ केलं तर साडेचारच्याही आत. ५० भागिले २४ केलं तर जेमतेम २. आपल्या डोळ्याची बाहुली तरुणपणी अंधारात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे डोळा दार उघडून बसलाय आणि स्कोप फटीतून उजेड पाठवतोय. म्हणून संध्याकाळी पटी कमी केल्या की चित्र उजळतं. करून बघा, जादू वाटेल. आणि ह्याच कारणाने ४० चं भिंग पुरतं. ५० च्या भिंगाने स्कोप जड होतो आणि रायफलवर उंच बसवावा लागतो. मग गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, आणि गाल टेकला नाही की नेम डगमगतो.

नळी ३० मिलिमीटरची घ्या, जास्त उजेड मिळतो, असंही दुकानदार सांगतात. नळी जाड असल्याने उजेड वाढत नाही. आत फिरवाफिरवीला जागा जास्त मिळते, इतकंच. एक इंची नळी पहिल्या स्कोपला पुरेशी आहे. पैसे घालायचेच तर भिंगांच्या दर्जात घाला. "फुली मल्टी-कोटेड" असं लिहिलंय का बघा, आणि जमलं तर दुकानदाराची परवानगी घेऊन संध्याकाळी दाराबाहेर धरून बघा. समोरच्या झाडाच्या सावलीतली फांदी सुटी दिसते का? दोन स्कोप पाठोपाठ धरले की फरक आपोआप कळतो.

डोळा आणि स्कोप ह्यांच्यातलं अंतरही विचारा. साडेतीन इंच किंवा जास्त असावं. गोळी सुटली की रायफल मागे धक्का मारते, आणि अंतर कमी असेल तर स्कोपची कड भुवईवर बसते. भुवईवर अर्धचंद्राचा व्रण घेऊन फिरणारे बरेच जण इथे भेटतात!

आतली रेघ, म्हणजे रेटिकल. सगळ्यात साधी घ्या: बाहेरून जाड आणि मध्यभागी बारीक होत जाणारी अधिकची खूण. तिला डुप्लेक्स म्हणतात. अंधुक झाडीत जाड रेघा डोळ्याला मध्याकडे नेतात. झाडाच्या फांद्यांसारखी आकडेमोड भरलेली रेटिकल लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी असते. "फर्स्ट फोकल प्लेन" नावाचा जो महाग प्रकार आहे, त्यात कमी पटीला रेघाही बारीक होतात. म्हणजे नेमकं जंगलात, जवळच्या शॉटला, रेघ दिसेनाशी होते. पहिल्या स्कोपला "सेकंड फोकल प्लेन" ठीक.

आता बजेट. सगळे पैसे स्कोपवर उडवू नका. स्कोप रायफलला धरून ठेवणारे बेस आणि रिंगा चांगल्या घ्या, तुमच्याच रायफलच्या मॉडेलसाठीच्या घ्या आणि कंपनीने दिलेल्या मापानेच स्क्रू आवळा. त्यासाठी छोटा टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर मिळतो. नेम सारखा सरकत असेल तर आधी स्क्रू तपासा. स्कोपला शिव्या नंतर.

मग येतं झिरो करणं, म्हणजे रेघ आणि गोळी एका जागी आणणं. बऱ्याच स्कोपवर एक क्लिक म्हणजे १०० वारांवर पाव इंच. चार क्लिक, एक इंच. पण २५ वारांवर त्याच एका इंचाला सोळा क्लिक लागतात, हे विसरू नका. सुरुवात २५ वारांवरून करा, कागदावर गोळी लागतेय हे बघा, मग १०० वर जा. तीन-तीन गोळ्या मारा आणि तिघींचा मध्य धरून फिरवा. एकेका गोळीमागे धावलात तर दिवसभर स्कोपच फिरवत बसाल. आणि ज्या काडतुसांनी झिरो केलं, त्याच काडतुसांनी शिकार. काडतूस बदललं की परत रेंजवर.

.३०८ सारख्या नेहमीच्या रायफलची गोळी १०० वारांवर साधारण दोन इंच वर लागेल असं ठेवलं, तर २०० वारांच्या आसपास ती रेघेवर येते. हरणाचं हृदय-फुप्फुस साधारण आठ इंचांच्या ताटलीएवढं असतं. म्हणजे तिथपर्यंत रेघ मध्यावर धरायची, हिशेब काही नाही. ह्या कामाला ९ पटी पुरून उरतात. मी म्हटलं ना, लांबचं आपोआप निभतं.

पण इथेच मला थोडं थांबायचंय. स्कोप दिसणं सुधारतो, नेम सुधारत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत मोठं करून दाखवणारा स्कोप चालत नाही, बारीक छिद्रातून नेम धरायचा असतो. ते पदक श्वासाचं, शरीराच्या ठेवणीचं आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचं आहे.

आणि शिकारीत चुकलेला नेम म्हणजे नुसता कमी गुण नसतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने १६ पटीपर्यंत जाणारा स्कोप घेतला होता. शेवटच्या उजेडात जवळपास २०० वारांवर हरिणी दिसली. १६ पटीत २०० वारांवरचं जनावर बारा-तेरा वारांवर असल्यासारखं दिसतं. त्याला वाटलं, हे तर हाताशी आहे. पण हात तेच होते, त्या अंतरावर कधीच सराव न केलेले. गोळी मागे, पोटात लागली. आम्ही चौघे टॉर्च घेऊन रात्री उशिरापर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो. बर्फ पडायला लागला आणि माग पुसला गेला. सकाळी ती सापडली, कोल्ह्यांसारखे इथले कोयोटी आमच्या आधी पोहोचले होते. कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. ती किती वेळ जिवंत होती, हा विचार मात्र चौघांच्याही मनात होता.

म्हणून घरी एक काम करा. आठ इंची कागदी ताटल्या आणा आणि रेंजवर लावा. टेबलावर रायफल टेकवून मारू नका. जंगलात जसे बसणार तसे बसून, गुडघ्यावर, जाड जॅकेट घालून मारा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत जातात, ते तुमचं अंतर. ते ८० वार निघालं तर ८० वार. स्कोपच्या डब्यावर काय छापलंय ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यापलीकडचं हरीण कितीही देखणं असो, जाऊ द्यायचं.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्कोप ही दुर्बीण नव्हे. झाडीत काय हललं हे स्कोपमधून बघणं म्हणजे त्या हलणाऱ्या गोष्टीवर भरलेली रायफल रोखणं. आणि तो माणूस असू शकतो. ८×४२ ची साधी दुर्बीण गळ्यात ठेवा. आधी दुर्बिणीतून ओळख पटवा, मागे काय आहे ते बघा, मगच रायफल उचला. बजेट तुटपुंजं असेल तर स्कोप थोडा स्वस्त घ्या, पण दुर्बीण घ्याच.

तर मंडळी, थोडक्यात: ३-९×४० किंवा २-७, चांगली भिंगं, साधी रेघ, भक्कम रिंगा, गळ्यात दुर्बीण. उरलेले पैसे काडतुसांवर आणि रेंजच्या फीवर खर्च करा. आणि जंगलात शिरताना स्कोप सगळ्यात कमी पटीवर ठेवा. हरीण लांब असेल तर पटी वाढवायला वेळ मिळतो. जवळ आलं तर कमी करायला मिळत नाही.

पुढच्या भागात रायफलची सफाई आणि घरात ती कुलपात कशी ठेवायची, ह्याबद्दल बोलू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलंत तरी चालेल. भेटूच. काळजी घ्या!