डबा भंगारात देण्याआधी



आमच्या बचत गटाच्या खोलीत एक जुना संगणक आहे. रॅम २ जीबी, त्यात विंडोज ७. कर्जाचा अर्ज भरताना पुढचं पान उघडेपर्यंत वेळ संपायची, पुन्हा लॉगिन. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, भंगारात द्या हा डबा." आणि नवा कशातून घ्यायचा? बायकांनी महिन्याला शंभर-शंभर साठवलेल्या पैशातून?

दुखणं इंटरनेटचं नव्हतंच. त्याच वायफायवर मोबाइलमध्ये तेच पान पटकन उघडायचं. आजची पानं जड असतात, जाहिराती काय, आपोआप चालणारे व्हिडिओ काय. रॅम भरली की संगणक सामान हार्ड डिस्कवर ठेवू लागतो, आणि ती फार सावकाश. ओटा लहान, म्हणून दर वेळी भांडं माळ्यावरून काढायचं, तसंच.

मग एका वेळी एकच टॅब उघडायचा ठरवलं. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे फुकटचं एक्स्टेन्शन घातलं. जाहिराती गेल्या, निम्मं ओझं तिथंच उतरलं. (अर्जाचं पान अडलं, तर तेवढ्यापुरतं ते बंद करा.)

पण विंडोज ७ला जानेवारी २०२० मध्येच कंपनीनं सोडचिठ्ठी दिली. सुरक्षेचे अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकू नये, हे मला उशिरा कळलं. कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढली आणि लुबंटू घातलं, तेही फुकट. खर्च झाला तो फक्त हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याचा.

अर्ज त्याच आठवड्यात गेला. अध्यक्षबाई आता जाताना डब्यावर रुमाल झाकतात.