भाजलं तर आधी पाणी, मग नवी कातडी

थंडीचे दिवस आले. पहाटेच चूल पेटते, आंघोळीचं पाणी उकळतं, लेकरं शेकोटीजवळ बसतात, कुणाच्या घरात वेचलेला कापूस रचलेला असतो. या दिवसांत भाजण्याची भीती जास्त. म्हणून आज भाजलेल्या जखमेबद्दल आणि त्यावर लावतात त्या कृत्रिम कातडीबद्दल बोलू या.

आधी माझ्याच घरातली गोष्ट सांगते. माझ्या जावेच्या हातावर उकळत्या पाण्याचं भगुलं पालथं झालं. कोपरापासून मनगटापर्यंत हात पोळला. आम्ही काय केलं? टूथपेस्ट लावली, वरून हळद दाबली, आणि फडकं बांधलं. मीच बांधलं. तीन दिवसांनी घाण वास यायला लागला, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "त्याच दिवशी, काही न लावता आणलं असतं तर यावर कोलॅजनची शीट लावता आली असती. आता पू झालाय. आता शीट धरणार नाही." मग रोज जखम धुणं, रोजचं ओरडणं, आणि शेवटी मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागली. आज तिचा कोपर पूर्ण सरळ होत नाही. भाकरी थापताना ती हात कसा वाकडा धरते, ते मी रोज बघते. म्हणून हे बोलणं.

कातडी म्हणजे नुसता रंग नाही. ती आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. कातडी गेली की अंगातलं पाणी झिरपून जातं, जंतू शिरतात, आणि उघड्या नसांना वारा लागला तरी आग होते. म्हणून डॉक्टरांना घाई असते ती जखम झाकायची.

भाजणं वरवरचं असेल, म्हणजे फोड आले, लाल झालं, खूप दुखतंय, तर खालून नवी कातडी येऊ शकते. तिला फक्त स्वच्छ पांघरूण हवं. कोलॅजनची शीट हेच काम करते. कोलॅजन हे जनावराच्या कातडीतून काढून शुद्ध केलेलं असतं. पातळ पापुद्र्यासारखी ही शीट ताज्या, स्वच्छ जखमेवर चिकटते. आग कमी होते, रोज पट्टी सोडण्याचा त्रास वाचतो, आणि खाली कातडी आली की शीट आपोआप सुटून येते.

असंच दुसरं पांघरूण तर आपणच देतो. बाळंतपणात वारेबरोबर जी पाणमोट येते, तिचा पातळ पडदा भाजलेल्या जखमेवर लावता येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतकपेढी आहे. तिथे तपासणी झालेल्या आईचा असा पडदा स्वच्छ करून, वाळवून, किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. जी वार आपण पुरून टाकतो, तिच्यातल्या पडद्याने दुसरीची जखम झाकते.

भाजणं खोल असेल, कातडी पांढरी, काळी किंवा चामड्यासारखी झाली असेल, तर मात्र खालून कातडी येत नाही. अशा जागी दुखतही कमी, म्हणून बाई म्हणते, "मला काही होत नाही." फसू नका, तीच जखम जास्त वाईट. तिथे स्वतःच्याच मांडीची पातळ कातडी काढून लावावी लागते. मोसंबीच्या रोपाला डोळा भरतात ना, तसंच. खालची जागा जिवंत आणि स्वच्छ असेल तरच डोळा धरतो. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत भरून येते.

पण अर्धं अंग भाजलं तर तेवढी कातडी आणायची कुठून? इथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, मरणानंतर दान केलेली कातडी. मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. ही कातडी कायमची धरत नाही, काही आठवड्यांत गळते, पण तेवढ्यात जीव सावरतो.

दुसरी, खोल जखमेसाठी बनवलेली कृत्रिम कातडी. अमेरिकेतल्या बोस्टन भागात डॉ. जॉन बर्क आणि प्राध्यापक योआनिस यानास यांनी ती तयार केली आणि १९८१ मध्ये रुग्णांवरचे अनुभव मांडले. खाली गायीच्या कोलॅजनचा आणि शार्क माशाच्या कूर्चेतल्या एका घटकाचा जाळीदार थर, वर सिलिकॉनचा पापुद्रा. कारल्याच्या वेलाला मांडव घालतो तसा हा मांडव. दोन-तीन आठवड्यांत आपल्या रक्तवाहिन्या त्यात चढतात. मग वरचा पापुद्रा काढून स्वतःची अगदी पातळ कातडी लावतात. ही वस्तू महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. आणि बघा, शेवटी कातडी आपलीच लागते. कृत्रिम कातडी वेळ मिळवून देते, चमत्कार करत नाही.

स्वस्त पांघरूण आपल्याकडेही शोधलं गेलं. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली, १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. शीवच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. पण ताईंनो, ती पानं आणि साली रुग्णालयात निर्जंतुक केलेली होती. घरच्या साली जखमेवर लावू नका.

आता आपल्या हातातलं काय? पहिली वीस मिनिटं.

कपड्याने पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर झोपून लोळा, वरून घोंगडी टाका. विझलं की भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं थंड पाणी सोडा. नळ नसेल तर तांब्याने ओता. उन्हाळ्यात टँकरचं पाणी असलं तरी ओता, त्या पाण्याचा याहून मोठा उपयोग नाही. उशीर झाला असेल तरी तीन तासांपर्यंत पाण्याचा फायदा होतो. बर्फ नको. लेकरू असेल किंवा बरंच अंग भाजलं असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, गारठू देऊ नका. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा, नंतर सूज आल्यावर निघत नाहीत. चिकटलेलं कापड ओढू नका. फोड फोडू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल, शेण, राख, काहीच नको. धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका आणि १०८ ला फोन करा.

तोंड, हात, पाय, सांधे, गुप्तांग भाजलं असेल, लेकरू किंवा गरोदर बाई असेल, विजेने किंवा ॲसिडने भाजलं असेल, तर जखम लहान दिसली तरी दवाखाना गाठाच. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

दवाखान्यात तीन प्रश्न विचारायला लाजू नका. जखम किती खोल आहे? यावर शीट लावता येईल का? सांधा आखडू नये म्हणून काय करायचं? तिसरा प्रश्न विसरू नका. जखम भरली म्हणून व्यायाम सोडला की सांधा आखडतो. माझ्या जावेचं तेच झालं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कोणती शीट योजनेत बसते, हे आधीच विचारून घ्या.

आणि त्वचादानाचं घरात बोलून ठेवा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय, पाठ इथली अगदी पातळ कातडी घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही. नेत्रदानासारखंच हे दान.

या महिन्याच्या बचतगटाच्या बैठकीत एक काम करा. हिशेब झाला की प्रत्येकीला विचारा, "भाजलं तर आधी काय?" सगळ्या जणींनी एका आवाजात "पाणी" म्हणेपर्यंत उठू नका. त्या दिवशी आमच्या घरात एकीने जरी तसं म्हटलं असतं, तर आज जाऊबाईंचा हात सरळ असता.