कोंबड्यांसाठी अळ्या: निवड कशी करावी?



आजचा विषय काहींना किळसवाणा वाटेल. परसात पाच-दहा कोंबड्या असतील, तर त्यांना प्रथिनांसाठी अळ्या द्याव्यात का, आणि द्यायच्या तर कोणत्या? वाळवलेल्या अळ्यांची पाकिटं आता विकत मिळतात आणि त्यांवर प्रथिनांचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. माझं सांगणं असं की तो आकडा शेवटी बघा. आधी कॅल्शियम बघा, आणि ती अळी काय खाऊन वाढली ते विचारा.

फौजेत कोणताही निर्णय घेण्याआधी एक रीतसर विचार करतात. त्याला आम्ही ‘अप्रिसिएशन’ म्हणतो. आधी उद्देश, मग परिस्थिती, मग समोरचे मार्ग आणि शेवटी निर्णय. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

उद्देश साधा आहे. कोंबडी धट्टीकट्टी राहावी आणि तिचं अंडं घरातल्या लहान मुलाला निर्धास्तपणे देता यावं.

आता परिस्थिती. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १६ ते १७ टक्के प्रथिनं हवीत, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम. कमी अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीला थोडं कमी चालतं. पण आपण टाकतो काय? मका, ज्वारी, तांदळाची कणी. मक्यात प्रथिनं जेमतेम ९ टक्के. नुसत्या मक्यावर कोंबडीला १० ग्रॅम मिळतात. उरलेलं ती उकिरडा उकरून, किडे आणि गांडुळं टिपून मिळवते. पावसाळ्यात हे जमतं. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते, आणि शहरातल्या फरशीच्या अंगणात उकरायला मातीच नसते. त्यात पिसं झडून नवी येत असली, की गरज आणखी वाढते, कारण पीस म्हणजे बहुतेक प्रथिनच.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाण्यातून मिळालं नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होतं, आणि पुढे कोंबडीचे पायही तिला पेलत नाहीत.

आता समोरचे मार्ग बघू.

पहिला, मीलवर्म. पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याची ही अळी. वाळवल्यावर प्रथिनं सुमारे ५० टक्के, म्हणजे आकड्यात ही पुढे. कोंबड्या तिच्यावर तुटून पडतात. पण तिच्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच, आणि चरबी भरपूर. पिसं झडण्याच्या दिवसांत चिमूटभर द्यायला, किंवा पिलं माणसाळवायला ठीक. रोजच्या खुराकासाठी नाही.

दुसरा, रेशमाचे किडे. कोष उकळून धागा काढला, की आत उरतो तो. कर्नाटकात रामनगरसारख्या रेशमाच्या भागात राहणाऱ्यांना हे ठाऊक असेल. प्रथिनं ५० टक्क्यांच्या वर. अडचण एकच, त्यात तेल खूप. ते लवकर खवट होतं आणि त्याचा वास अंड्याला येतो. ताजे, लगेच कडक वाळवलेले मिळत असतील तरच घ्या.

तिसरा, ब्लॅक सोल्जर फ्लाय. नावातच सैनिक आहे, म्हणून मी पक्षपात करतोय असं समजू नका. ओल्या कचऱ्याचं घरी खत करणाऱ्यांनी ही करड्या रंगाची जाड अळी पाहिलेली असते. पुष्कळदा ती न बोलावताच येते. तिची माशी गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही, डंख मारत नाही, आणि घरातल्या माशीसारखी ताटावर बसत नाही. वाळवलेल्या अळीत प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिघांत कमी. पण कॅल्शियम साधारण ५ ते ८ टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला तेच हवं असतं.

चौथा मार्ग फुकटचा आणि धोक्याचा. मेलेलं जनावर किंवा मटणाचा टाकाऊ भाग कुजवून त्यातल्या अळ्या घालणं. असल्या कुजलेल्या मांसात बोटुलिझमचं विष तयार होतं आणि ते अळ्यांमार्फत कोंबडीच्या पोटात जातं. कोंबडीची मान लुळी पडते आणि ती दगावते. हे कधीही करू नका.

तर निर्णय. रोजच्यासाठी ब्लॅक सोल्जर फ्लाय. प्रमाण एका कोंबडीला वाळवलेल्या १० ग्रॅम, किंवा ताज्या साधारण ३० ग्रॅम, कारण ताज्या अळीत दोन तृतीयांश पाणीच असतं. आता हिशोब मांडा. ८० ग्रॅम मका, १५ ग्रॅम सोयापेंड आणि १० ग्रॅम वाळवलेल्या अळ्या. ७, अधिक ७, अधिक ४, झाले १८ ग्रॅम. म्हणजे अळी ही कुमक आहे, सगळी फौज नव्हे. पेंड बंद करून नुसत्या अळ्यांवर भागवायला गेलात, तर चरबी वाढेल आणि कोंबडी अंडी कमी देईल. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचाच. या १० ग्रॅम अळ्यांतून फार तर पाऊण ग्रॅम कॅल्शियम मिळतं, आणि दिवसाची गरज ४ ग्रॅमच्या आसपास असते.

घरी वाढवायच्या असतील तर झाकणाचा टब, भाजीची देठं, फळांची सालं आणि सावली एवढं पुरतं. कचरा ओलसर हवा, पाणी साचायला नको. अळी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. ती काळी पडण्याआधी, फिकट असतानाच काढा, म्हणजे वरचं कवच टणक झालेलं नसतं. उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढून कडक उन्हात वाळवा. उत्तरेकडे डिसेंबर-जानेवारीत माश्यांची वीण थंडावते, तेव्हा आधीच साठा करून ठेवा.

आणि अळी काय खाते ते सांभाळा. युरोपीय संघाने २०२१ साली कोंबड्यांच्या खाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली, पण ते कीटक उष्ट्या-खरकट्या अन्नावर, मांसावर किंवा विष्ठेवर वाढवायला मनाई केली. ही अळी कॅडमियमसारखे जड धातू अंगात साठवते. कारखान्याच्या सांडपाण्यावरची भाजी, औषध फवारलेला पाला, गटाराकडेचा कचरा यांतलं जे अळीत जाईल, ते कोंबडीत जाईल, आणि पुढे अंड्यातून तुमच्या नातवंडाच्या ताटात येईल. पाकीट विकत घेताना दुकानदाराला हाच प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही, तर पाकीट परत ठेवा. त्या दिवशी सोयापेंड थोडी जास्त घाला, कोंबडीचं काही अडणार नाही.

जय हिंद.